‘कासव’ आणि मनःस्वास्थ्याची वजाबाकी

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय पत्रिकेवर जरा लांबलचक छापला गेलाय. नैराश्य, चिंता, ताण आणि व्यक्तिगत स्वास्थ्य. त्यातल्या ‘आणि’बद्दल मला बोलायचं आहे. पहिल्या तीन शब्दांवर पुस्तकं भरपूर आहेत, चौथ्यावर तर त्याहून जास्त. पण पहिल्या तिघांचा चौथ्याशी संबंध नेमका कसा, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. उत्तर माहीतच आहे असं आपण धरून चालतो. नैराश्य वजा करा, चिंता वजा करा, ताण वजा करा, उरेल ते स्वास्थ्य. सोपी वजाबाकी.

ही वजाबाकी मला पटत नाही. का पटत नाही ते एका चित्रपटाचा आधार घेऊन सांगतो, कारण नुसत्या संकल्पना मांडल्या तर मागच्या रांगेतली मंडळी पंधरा मिनिटांत पेंगायला लागतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. चित्रपट आहे ‘कासव’. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. आपल्या पुण्याचीच ही जोडी. सुमित्राबाई २०२१च्या एप्रिलमध्ये गेल्या.

आधी एका तारखेची गंमत. ७ एप्रिल २०१७. या दिवशी ६४वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ ‘कासव’ला मिळालं. ७ एप्रिल हा जागतिक आरोग्य दिन, आणि त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने विषय निवडला होता नैराश्य. त्यावर बोला, असं आवाहन होतं. आणि त्याच दिवशी मानसिक आरोग्य सेवा कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी. योगायोगातून अर्थ काढायची सवय आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना नसावी, त्यामुळे मी काही काढत नाही. पण हे तीन धागे आज शेवटपर्यंत लागतील.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीव द्यायचा प्रयत्न करून इस्पितळातून पळालेला एक तरुण, मानव, जानकी नावाच्या बाईंना वाटेत सापडतो. ती त्याला कोकणातल्या समुद्राकाठच्या घरी घेऊन येते. तिथे दत्ताभाऊ आहेत, समुद्री कासवांच्या संवर्धनाचं काम चाललेलं आहे, घरात यदू आहे, गावातला परशू नावाचा पोरगा आहे. जानकी स्वतःही मनाच्या पडझडीतून गेलेली आहे. ती त्या मुलाला प्रश्न विचारत नाही. आलोक राजवाडेने मानव केलाय, इरावती हर्षेने जानकी, दत्ताभाऊ म्हणजे मोहन आगाशे, यदू किशोर कदम. कथा म्हणाल तर एवढीच. तो बोलत नाही, खात नाही, चिडतो, पडून राहतो. आणि हळूहळू थोडा माणसात येतो.

सुमित्राबाई मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं, आणि चित्रपट करायचं शिक्षण न घेता १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट करून या क्षेत्रात आल्या. आगाशे तर मनोविकारतज्ज्ञच. बी. जे. मेडिकलमध्ये शिकवलेले. म्हणजे या चित्रपटाला आजार म्हणजे काय ते ठाऊक आहे. भाबडेपणाने केलेलं हे काम नव्हे. म्हणूनच त्याच्याशी भांडायला मजा येते.

आता शब्दांकडे येऊ. नैराश्य हा शब्द आपण मनोविकाराचं नाव म्हणून वापरतो, पण त्याचं पूर्वायुष्य फार वेगळं आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात पिंगला नावाच्या गणिकेची गोष्ट आहे. श्रीमंत गिऱ्हाईक येईल म्हणून ती दारात उभी राहते. आत जाते, बाहेर येते. मध्यरात्र होते. कोणी येत नाही. आणि एका क्षणी तिची आशाच सुटते. अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये ती जाऊन बसली ती याच गोष्टीमुळे. नाथमहाराजांनी याच स्कंधावर टीका लिहिली, १५७३ साली काशीत पुरी केली, आणि महाराष्ट्रात घरोघर ती पारायणात गेली. त्या परंपरेत आशा हे दुःख आणि नैराश्य, म्हणजे आशेतून सुटणं, हे परमसुख! ज्या शब्दाने आपण आज आजार सांगतो, तो तिथे स्वास्थ्याचं शिखर आहे.

‘उदास’चंही तेच. समर्थांच्या दासबोधात उदास हा गुण आहे. तुकोबांच्या धन जोडण्याविषयीच्या प्रसिद्ध अभंगात ‘उदास’ म्हणजे खर्च करताना हवी ती अलिप्तता. रडका चेहरा नव्हे.

हे मी व्युत्पत्तीची हौस म्हणून सांगत नाही. घरात तरुण मुलगा म्हणतो, “मला कशातच रस वाटत नाही.” हे वाक्य ऐकणाऱ्या आजीच्या, वडिलांच्या कानात या शब्दांची चारशे वर्षं आहेत. त्यांना ते एक तर वैराग्य वाटतं, नाही तर नाटक वाटतं. आजार वाटत नाही. तिसरा कप्पाच नाही हो भाषेत! तो आपल्याला तयार करावा लागतोय. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून आपण वेळ मारून नेतो, “त्याला डिप्रेशन आहे” म्हणतो, आणि दोन वर्षांत तोही शब्द पातळ होतो. सामना हरला तरी डिप्रेशन, आंबे महागले तरी डिप्रेशन.

मग दोन नैराश्यांत फरक काय? भागवतातच आहे तो. आशा सुटल्यावर पिंगला काय करते? झोपते. सुखाने झोपते. आणि मानवकडे बघा. तो पडून आहे, पण ती झोप नाही. आशा सोडून देणं आणि आशा करायची शक्तीच हातातून निसटणं या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिल्यात कर्ता शिल्लक आहे, तोच सोडतोय. दुसऱ्यात सोडणारा कोणी उरलेला नाही. राजवाडेचं काम मला आवडतं ते यामुळे. त्याने दुःखाचा अभिनय केलेला नाही. दुःखी माणसाला काहीतरी हवं असतं आणि ते मिळालेलं नसतं. याला काही हवंच नाहीये. डोळ्यांत मागणी नाही. हे दाखवणं फार अवघड आहे, कारण कॅमेऱ्यासमोर मागणीच नसलेला माणूस कंटाळवाणा दिसू शकतो. काही जणांना चित्रपट संथ वाटला तो म्हणूनच. मला वाटतं ती संथ गती म्हणजेच लक्षणाचं वर्णन आहे.

चिंतेचं वेगळं. चिंतेला मागणी असते, भरमसाठ असते. गीतेचा पहिला अध्याय काढा. हल्ली व्याख्यानांतून फार ऐकू येतं की अर्जुनाला नैराश्य आलं आणि कृष्ण हा जगातला पहिला समुपदेशक. ऐकायला छान आहे. पण मूळ बघा ना. अर्जुन काय सांगतो? तोंड कोरडं पडलंय, अंगाला कंप सुटलाय, रोमांच उभे राहिलेत, धनुष्य हातातून गळतंय, उभं राहवत नाही. ऑस्ट्रेलियात लोव्हिबाँड पितापुत्रांनी १९९५ साली एक प्रश्नावली छापली, नैराश्य, चिंता आणि ताण अशी तिन्ही मोजणारी. ४२ प्रश्नांची, आणि २१ची छोटी आवृत्ती, प्रत्येकी सात. गेल्या आठवड्यात तुम्हाला असं किती वेळा झालं, शून्य ते तीन गुण द्या. आपल्याकडच्या विद्यापीठांतल्या प्रबंधांतही ती सर्रास भेटते. त्या प्रश्नावलीत तोंडाला कोरड पडणं आणि हात थरथरणं हे दोन्ही आहेत, आणि दोन्ही चिंतेच्या खात्यात आहेत. म्हणजे अर्जुनाला ही प्रश्नावली दिली असती तर त्याला गुण चिंतेत पडले असते! नैराश्याच्या खात्यात काय आहे? काही करायला पुढाकार घेववत नाही, कशाचाही उत्साह नाही, पुढे वाट बघावी असं काही नाही, आयुष्याला अर्थ वाटत नाही. अर्जुनाला अर्थ वाटत होता, फार वाटत होता. आपल्याच माणसांना मारायचं की नाही, हा खरा प्रश्न त्याच्यासमोर होता. त्याच्या विषादाला विषय होता. आणि ज्याला विषय असतो त्याच्याशी वाद घालता येतो, सतरा अध्याय घालता येतो. मानवशी कशावरून वाद घालणार?

म्हणून जानकी वाद घालत नाही. हा चित्रपटाचा पहिला मोठा शहाणपणा.

त्या प्रश्नावलीबद्दल एक कुतूहलाची गोष्ट सांगून पुढे जातो. ती बनवणाऱ्यांना मुळात दोनच गोष्टी वेगळ्या करायच्या होत्या, नैराश्य आणि चिंता. पण या दोन्हींत न बसणाऱ्या काही तक्रारी एकत्र गोळा व्हायला लागल्या. सैलावता न येणं, चटकन चिडणं, थांबून राहणं सहन न होणं. त्या तिसऱ्या ढिगाला त्यांनी ताण असं नाव दिलं. म्हणजे ताण हा असा उरल्यासुरल्यातून सापडलेला. आणि आज बघा, तिघांत सर्वांत लाडका शब्द तोच. कार्यालयात नैराश्य सांगता येत नाही, ताण सांगता येतो. ताण प्रतिष्ठित आहे. ज्याला ताण आहे तो कामाचा माणूस!

ताण हा शब्द शरीरशास्त्रात आणला हान्स सेल्ये यांनी. १९३६ साली ‘नेचर’मध्ये त्यांचं छोटं टिपण आलं. शब्द होता अभियंत्यांचा, तुळईवरच्या भाराचा. पुढे सेल्येंनीच चांगला ताण आणि वाईट ताण असा फरक केला, म्हणजे सगळा ताण वजा करायचा नसतो हे त्यांनाही दिसत होतं. आपल्या मराठी शब्दात तर ते आधीच आहे. ताणलेली तार, ताणलेली दोरी. बुद्धाच्या शिष्यांमधल्या सोणाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. पाय रक्ताळेपर्यंत चालत साधना करणारा हा भिक्खू घरी असताना वीणा वाजवायचा. बुद्ध त्याला विचारतात, तारा फार ताणल्यावर सूर लागायचा का? फार सैल सोडल्यावर? तार पूर्ण सैल केली की ताण शून्य होतो हे खरं, पण मग ती वीणा राहत नाही. तेव्हा वजाबाकी निदान ताणाच्या बाबतीत तरी सरळसरळ फसते.

नैराश्याच्या बाबतीत ती कशी फसते? इथे चित्रपट पुन्हा लागतो, आणि इथेच माझी मुख्य तक्रार आणि माझी मुख्य दाद, दोन्ही आहेत.

शीर्षक घ्या. कासव. बहुतेक प्रेक्षक त्याचा अर्थ असा लावतात की कासव जसं हातपाय आत ओढून घेतं तसा हा मुलगा स्वतःत मिटून गेला आहे. ही प्रतिमा आपल्या ओळखीची आहे, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली. पण तिथे ती कोणाची आहे? स्थितप्रज्ञाची! इंद्रियं विषयांपासून आवरून घेणाऱ्या स्थिरबुद्धी माणसाची. पुन्हा तोच घोटाळा बघा. बाहेरून हालचाल एकच, मिटून जाणं. आतून एक शहाणपणाचा कळस आणि दुसरा आजाराचा तळ.

आणि आता जरा प्राणिशास्त्र. मराठीत कासव हा एकच शब्द आहे, तळ्यातल्यालाही आणि समुद्रातल्यालाही. गीतेतलं कासव आत मिटू शकतं. पण चित्रपटात किनाऱ्यावर येणारी कासवं समुद्री आहेत, आणि समुद्री कासवाला डोकं आणि पाय कवचात ओढून घेता येतच नाहीत. त्याचे पाय वल्ह्यासारखे झालेले असतात, ते बाहेरच राहतात. हे कळल्यावर मला तो चित्रपट वेगळा दिसायला लागला. दिग्दर्शकांच्या मनात हे होतं की नव्हतं याच्याशी मला घेणं नाही, कलाकृती कर्त्याच्या मनापेक्षा मोठी असू शकते. मानव हा कवचात शिरलेला मुलगा नाही. कवचात शिरता येत नाही, हेच त्याचं दुखणं आहे. सगळं उघड्यावर आहे. आवाज लागतो, उजेड लागतो, प्रश्न लागतात. आपण मात्र नैराश्य आलेल्या माणसाला म्हणतो, “बाहेर ये, जरा लोकांत मिसळ,” जणू तो आत कुठेतरी उबेत सुरक्षित बसलाय. त्याला आतच नाहीये हो. जानकी त्याला पहिली गोष्ट देते ती आत असण्याची. खोली देते, दार लोटून घेऊ देते, नाव-गाव विचारत नाही. कवच बाहेरून उसनं देते म्हणा.

संतवाङ्मयात कासवीची आणखी एक प्रतिमा आहे. कासवी एका तीरावर, पिलं दुसऱ्या तीरावर, आणि ती नुसत्या नजरेने त्यांना पोसते. कूर्मदृष्टी. फार सुंदर कल्पना, आणि जानकीला ती अगदी चपखल बसते, दुरून बघत राहणं हेच तिचं पोसणं आहे. पण खरी समुद्री कासवी काय करते? ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूवर येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. परत येत नाही. पिलं दीड-दोन महिन्यांनी आपली आपण बाहेर येतात. म्हणून कोकणात माणसांना मध्ये पडावं लागतं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून हे काम उभं केलं. कोल्हे-कुत्र्यांपासून, चोरांपासून अंडी वाचवायची, कुंपणात ठेवायची. आणि पिलं बाहेर आली की? त्यांना उचलून पाण्यात टाकत नाहीत. वाळूवर सोडतात आणि लोक दोरीच्या अलीकडे उभे राहून बघतात. इवलंसं पिलू चार पावलं जातं, लाट त्याला उलटं पाडते, ते पुन्हा निघतं. पाहुण्यांमधल्या कोणाचा तरी हात शिवशिवतो, आणि गावातला कार्यकर्ता ओरडतो, “हात लावू नका!”

चित्रपटाचं तत्त्वज्ञान त्या दृश्यात आहे, संवादांत नाही. धोका दूर करायचा, चालणं त्याचं त्याला करू द्यायचं. संवादांत मात्र दत्ताभाऊंच्या तोंडून जेव्हा जेव्हा हे समजावून सांगितलं जातं, तेव्हा तेव्हा मला वर्गात बसल्यासारखं होतं. वर्गात बसण्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यावर माझं घर चाललं. पण जे समुद्र सांगतोय ते पुन्हा माणसाने कशाला सांगायचं? समाजकार्याच्या शाळेतून आलेल्या दिग्दर्शकांचा हा जुना मोह आहे. ‘देवराई’त तो जास्त होता, ‘अस्तु’त बराच कमी.

आता वजाबाकीकडे. शेवटाकडे मानवचं काय झालेलं असतं? तो बरा झाला, असं प्रमाणपत्र कोणी त्याला देत नाही. आजार बहुधा आहेच. पण तो एका पोराशी बोलायला लागलाय, त्याला समोरच्या वाळूत काय चाललंय यात थोडा रस आहे, या घरात आपल्यावाचून कोणाचं तरी अडेल असं त्याला किंचित वाटतंय. म्हणजे स्वास्थ्य आधी आलं आणि आजार अजून गेलेला नाही. वजाबाकीच्या हिशेबात हे बसतच नाही. दोन्ही एकाच पट्टीची दोन टोकं असती तर एक वाढल्याशिवाय दुसरं कमी झालं नसतं. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ कोरी कीज यांनी २००२पासून हेच मांडलं. मनोविकार ही एक रेघ, मनःस्वास्थ्य ही दुसरी रेघ. एकमेकींशी संबंध आहे, पण एक म्हणजे दुसरीची उलटी बाजू नव्हे. काही माणसांना कोणताच विकार नाही आणि तरी ती नुसती सुकत चाललेली असतात. प्रश्नावलीत तिन्ही खात्यांत शून्य, आणि सकाळी उठायचं कारणही शून्य. निवृत्त लोकांत ही जमात मी बरीच पाहतो. आणि काही माणसं गोळ्या घेत, अधूनमधून कोसळत, भरलेलं आयुष्य जगतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८च्या घटनेतही आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नव्हे, असं म्हटलंय. तिथवर उत्तम. पण पुढे त्यांनी ‘संपूर्ण’ असा शब्द घातला, शारीरिक, मानसिक, सामाजिक अशी संपूर्ण सुस्थिती. इथे समर्थांची आठवण येते. सर्वसुखी असा जगात कोण आहे ते मनाला शोधायला लावणारे मनाचे श्लोक आपण लहानपणी घोकलेत. त्या ‘संपूर्ण’ला तीन शतकं आधी दिलेलं ते उत्तर आहे! २०११ साली नेदरलँड्सच्या माख्टेल्ड ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सुचवलं की आरोग्य म्हणजे येईल त्या अडचणींशी जुळवून घेण्याची आणि आपला कारभार आपण सांभाळण्याची क्षमता असं म्हणावं. बरं आहे, पण त्यातही एक गोम आहे. जुळवून घ्यायचं कोणी? दरवेळी माणसानेच?

आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचाराची चांगली परंपरा उभी राहिलीय. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये आयपीएच सुरू केली, अल्बर्ट एलिसचे विचार मराठीत घरोघर पोचवले. एलिसचा मूळ पुरुष एपिक्टेटस. घटना नव्हे तर घटनेबद्दलचं आपलं मत आपल्याला त्रास देतं, हे त्याचं सूत्र. चिंतेच्या बाबतीत याचा उपयोग मी माझ्या विद्यार्थ्यांत प्रत्यक्ष पाहिलाय. ‘मला पहिला वर्ग मिळालाच पाहिजे’ यातला ‘च’ काढला की मुलगा मोकळा श्वास घेतो. पण हे औषध घ्यायला विचार करणारा माणूस जागेवर हवा. पार तळाला गेलेल्याला विचार बदल म्हणणं म्हणजे हात मोडलेल्याला स्वतःच्या हाताला पट्टी बांध म्हणण्यासारखं आहे. त्या क्षेत्रातल्या जाणत्यांना हे ठाऊक असतं, ते आधी औषधं, आधी झोप, आधी सोबत बघतात. व्हॉट्सअॅपवरच्या सुविचारवाल्यांना ठाऊक नसतं. तुकोबांचा मन प्रसन्न करायला सांगणारा अभंग ते रोज सकाळी पाठवतात. त्याच तुकोबांनी दुष्काळात बायको-मुलगा गमावले, आणि रात्रंदिवस स्वतःशी झगडल्याचे, वाटच दिसत नसल्याचे अभंग लिहिले, ते मात्र कोणी पाठवत नाही.

आता ‘कासव’वरचा माझा खरा आक्षेप. तो बंगला. समुद्र, प्रशस्त घर, स्वयंपाक करणारं माणूस, गाडी, आणि महिनोन्‌महिने काही न करता पडून राहायची सोय. इथून पंधरा मिनिटं चालत जा. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रस्ता. जिल्ह्या-जिल्ह्यांतून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलं-मुली. कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा, अभ्यासिकेतली एक खुर्ची, ती भरल्या पैशांची. जाहिरात निघेल का, पूर्व कधी, मुख्य कधी, निकाल लागला तर नियुक्ती कधी. वय वाढतंय, घरी बहिणीचं लग्न थांबलंय, बापाने जमिनीचा तुकडा गहाण ठेवलाय. या मुलाचा ताण त्याच्या मताचा आहे का? मनातून वजा करता येईल असा आहे का? त्याचं अर्धं कारण वेळापत्रकात आहे. त्याला श्वासाचे व्यायाम जरूर शिकवा, उपयोग होतो. पण वेळापत्रकाला कोण व्यायाम देणार? आणि यातला एखादा कोसळला तर त्याला कुठली जानकी भेटणार? त्याच्या खोलीत चार कॉट आहेत, लोटून घ्यायला दारसुद्धा त्याचं एकट्याचं नाही.

चित्रपट हा प्रश्न टाळतो. घराबाहेरचं जग त्यात जवळपास नाहीच. मानव ज्या शहरातून पळाला तिथे त्याला कधीतरी परत जायचंय, ते आपल्याला दिसत नाही. काही समीक्षकांनी याला सौम्यता म्हटलं. मी म्हणेन, ती सोय आहे. तरीपण एक गोष्ट दिग्दर्शकांच्या पारड्यात टाकायला हवी. ‘देवराई’त आजारी भावाला सांभाळते ती बहीण. ‘अस्तु’त स्मृती गेलेल्या संस्कृतच्या प्राध्यापकाला सांभाळते ती माहुताची बायको, परकी, त्यांची भाषाही धड न जाणणारी. आणि ‘कासव’मध्ये तर रक्ताचं कोणी समोर येऊन सांभाळतच नाही. वीसेक वर्षांच्या कामात या दोघांनी सोबतीची जबाबदारी पद्धतशीरपणे घराच्या उंबऱ्याबाहेर आणली. मराठी मनाला हे पचायला जड आहे. आपल्याकडे आजार घरचा, त्याची लाज घरची, सेवाही घरची. परक्याने सांभाळायचं म्हणजे घर कमी पडलं असं आपल्याला वाटतं. खोलीतल्या दुसऱ्या कॉटवरचा मुलगा, मेसच्या मावशी, अभ्यासिकेची किल्ली सांभाळणारा, हे सगळे या अर्थाने जानकीच्या जागेवर उभे आहेत. बंगला नसला तरी प्रश्न न विचारता शेजारी बसणं त्यांना जमू शकतं. आणि डॉक्टरकडे सोबत जाणंही.

तिसरा धागा राहिला, कायद्याचा. जीव द्यायचा प्रयत्न करणारा हा दीडशे वर्षं आपल्याकडे गुन्हेगार होता, कलम ३०९. इस्पितळात पोलीस येऊन जबाब घेत. मानव इस्पितळातून पळतो हे त्या काळातल्या प्रेक्षकाला वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं. ७ एप्रिलला संमती मिळालेल्या त्या कायद्याचं कलम ११५, २९ मे २०१८पासून अमलात आलेलं, असं म्हणतं की अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत, आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही. १ जुलै २०२४पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुनं कलम त्या रूपात उरलेलंच नाही. शब्द बघा, कायद्याने नैराश्य म्हटलं नाही, ताण म्हटलं. कारण नैराश्य म्हटलं तर निदान लागतं, डॉक्टरचा कागद लागतो. ताण म्हटलं की कागदाशिवाय विश्वास ठेवता येतो. तो उरल्यासुरल्यातून सापडलेला शब्द इथे किती मोठं काम करतोय!

पण त्या कलमाचा दुसरा भाग लोक वाचत नाहीत. त्यात सरकारवर कर्तव्य टाकलंय. अशा व्यक्तीची काळजी, उपचार आणि पुनर्वसन, पुन्हा तसा प्रसंग येण्याचा धोका कमी व्हावा म्हणून. जानकी जे करते ते आता कायद्याने सरकारचं काम आहे. २०२२च्या ऑक्टोबरपासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, तो इथल्या प्रत्येकाने आपल्या फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा. फोन उचलला जातो. फोन ठेवल्यानंतर त्या चार कॉटच्या खोलीत परत गेलेल्या मुलाचं पुनर्वसन म्हणजे सरकार नेमकं काय करतं, हे मला तुमच्यातल्या वकील मंडळींकडून आणि ससूनमध्ये काम केलेल्यांकडून ऐकायचंय. दोघंतिघं समोर बसलेले दिसतायत मला. माइक त्यांच्याकडे द्या.